ओंडक्याचं वजन

"…म्हणजे छत्तीसच्या छत्तीस जणांना कळलं, असंच ना?"

शेवटच्या बाकावरून वळवीबाईंनी विचारलं.

"हो, बाई. छत्तीसच्या छत्तीस." निनाद बागुलनं फळ्याकडे बोट केलं.

हा फळा खडूचा नव्हता. भिंतभर पसरलेला, पांढराशुभ्र, बोटानं लिहिता येणारा डिजिटल फळा होता. त्यावर एक हिरवा खांब उभा होता, थेट वरच्या कडेला टेकलेला. प्रत्येक छात्राध्यापकाच्या हातात काडेपेटीएवढा रिमोट होता. उत्तराचं बटण दाबलं की त्या उत्तराचा खांब फळ्यावर वाढायचा.

प्रश्न होता : वनस्पती अन्न तयार करताना हवेतला कोणता वायू घेतात?

सगळ्यांनी कार्बन डायऑक्साइड दाबलं होतं. एकही अंगठा चुकला नव्हता.

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेलं ते अध्यापक महाविद्यालय. उद्याचे विज्ञानशिक्षक तिथं घडायचे. हा फळा पावसाळ्याच्या तोंडावर आला आणि दोन महिने चादरीखाली झाकून राहिला. काही बिघडलं तर कुणी निस्तरायचं, म्हणून प्राध्यापक मंडळी त्याच्याजवळून जरा अंग चोरूनच जायची.

ती चादर निनादनं काढली.

निनाद वनस्पतीशास्त्रात एम.एस्सी. झालेला, विद्यापीठात पहिला आलेला. मास्तरकी करायची तर एक नंबरची करायची, असं घरी सांगून तो बी.एड.ला आला होता. पंधरा दिवसांत त्यानं फळ्याची नस न् नस ओळखली. बोट लावलं की पान उघडायचं, पानात पेशी दिसायच्या, पेशीत उन्हाचे बाण शिरायचे, बाहेर प्राणवायूचे बुडबुडे यायचे. प्राध्यापकसुद्धा आता त्याला हाक मारत, "बागुल, जरा बघ रे, हे चालू होत नाहीये."

पुढच्या महिन्यात जिल्ह्यातल्या दोनशे विज्ञानशिक्षकांचं प्रशिक्षण होतं. तिथला दिग्दर्शन पाठ, म्हणजे सगळ्यांसमोर करून दाखवायचा नमुना पाठ, निनादनं घ्यावा, असं प्राचार्य चौधरी सरांनी ठरवून टाकलं होतं. फक्त पाठ टाचणाच्या वहीवर वळवीबाईंची सही व्हायची राहिली होती.

सिंधू वळवी. वय एकाहत्तर. अडतीस वर्षं त्यांनी विज्ञान कसं शिकवावं हे शिकवलं. निवृत्तीनंतरही सोमवारी आणि गुरुवारी त्या यायच्या, मागं बसायच्या आणि पाठ बघायच्या. फार बोलायच्या नाहीत. एकदा एका पोरीचा अख्खा पाठ ऐकून त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "पुन्हा."

निनाद वही घेऊन मागच्या बाकापाशी गेला.

"बाई, सही."

"कशावर?"

"पाठावर."

"झाला पाठ?"

"झाला की."

"कुणाला?"

निनाद हसला. त्याला वाटलं, बाईंना नीट ऐकू आलं नसावं.

बाई उठल्या, फळ्यापाशी गेल्या. तळहात हलकेच त्या पांढऱ्या पृष्ठभागावर ठेवला. हाताखाली एक निळी रेघ उमटली. त्या जरा दचकल्या, मग लहान मुलीसारख्या खुदकन हसल्या.

"फार मोठं यंत्र आहे रे हे…"

निनाद मनातून तयार होता. म्हातारी माणसं खडूचं कौतुक करतात, आपल्या काळी असं नव्हतं म्हणतात. त्यावर काय बोलायचं, तेही त्यानं पाठ करून ठेवलं होतं. पण बाई तसलं काही बोलल्या नाहीत.

"मी अडतीस वर्षं पोरांचे चेहरे वाचत आले," त्या म्हणाल्या. "चेहरे खोटं बोलतात. कळलं का विचारलं की माना हलतात. हे यंत्र खरं काढून घेऊ शकेल."

"तेच तर, बाई! आता शिक्षकाला अंदाज बांधावा लागत नाही."

"मग मला एक प्रश्न विचारू दे. तुझ्याच यंत्रावर."

"विचारा ना."

"कुणी काय दाबलं, ते नाव दिसतं?"

"माझ्या संगणकावर दिसतं. झाकताही येतं."

"झाक."

निनादनं नावं झाकली.

"आता मागच्या अंगणात जा. गेल्या वर्षी वादळात बाभूळ पडली, तिचे तुकडे कुंपणाशी रचलेत. एक चांगला वाळलेला घेऊन ये."

निनादला हे विचित्र वाटलं. पण बाईंना का म्हणून विचारायची रीत त्या महाविद्यालयात नव्हती. तो गेला. वर्षभर उन्हात तापून खडखडीत झालेला एक ओंडका त्यानं खांद्यावर घेतला. इस्त्रीचा पांढरा सदरा सालपटांनी भरला. वर्गात येईस्तोवर त्याला धाप लागली.

"कुठं ठेवू, बाई?"

"ठेवू नकोस. धर."

तो ओंडका कवेत घेऊन उभा राहिला. छत्तीस जण बघत होते.

बाई फळ्याकडे वळल्या आणि बोटानं लिहू लागल्या. अक्षर थरथरत होतं, पण वळण पक्कं होतं.

'बी एवढंसं होतं. वाळलेला ओंडका एवढा आहे. हे वजन मुख्यतः कुठून आलं?'

खाली चार पर्याय : माती. पाणी. हवा. सूर्यप्रकाश.

मग थोडं थांबून त्यांनी पाचवा लिहिला : ठाऊक नाही.

"बाई…" ओंडका सावरत निनाद म्हणाला, "चाचणीत असा पर्याय ठेवत नाहीत."

"का?"

"सगळे तोच दाबतील."

"…दाबू देत की."



"जड आहे?" बाईंनी विचारलं.

"आहे."

"किती?"

"असेल दहा-बारा किलो."

"ठेव आता टेबलावर. तुलाही उत्तर द्यायचंय."

निनादनं खिशातला जादाचा रिमोट काढला. प्रश्न त्याला अगदी साधा वाटला. झाड मातीत उभं असतं. मुळं मातीतून ओढून घेतात. अंगठा आपसूक गेला आणि एक नंबरचं बटण दाबून मोकळा झाला. विचार असा त्यानं केलाच नाही.

फळ्यावर खांब उठू लागले.

माती, सत्तावीस. पाणी, सहा. सूर्यप्रकाश, दोन. ठाऊक नाही, एक.

हवा, एक.

"हवा!" कुणीतरी फिस्सकन हसलं.

निनादही हसला. "कुणाचा तरी अंगठा घसरला."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्या हसत नव्हत्या, आणि रागावल्याही नव्हत्या.

"निनाद, प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण सांग."

हे तर तो झोपेतही सांगू शकला असता. "कार्बन डायऑक्साइड अधिक पाणी, सूर्यप्रकाश आणि हरितद्रव्याच्या मदतीनं, ग्लुकोज अधिक प्राणवायू."

"सावकाश सांग."

"कार्बन डायऑक्साइड… अधिक पाणी…"

"कार्बन डायऑक्साइड कुठं असतो?"

"हवेत."

"त्यातला कार्बन कुठं जातो?"

"ग्लुकोजमध्ये."

"आणि ग्लुकोजचं पुढं काय होतं?"

"त्याच्या साखळ्या जुळतात. त्याचा सेल्युलोज होतो. सेल्युलोजचं…"

निनाद थांबला.

त्यानं टेबलावरच्या ओंडक्याकडे पाहिलं. मग फळ्याकडे. मग परत ओंडक्याकडे.

"…लाकूड."



"बाई," निनादचा आवाज बारीक झाला होता, "या समीकरणात माती… कुठंय?"

 बाई पुन्हा आपल्या बाकावर जाऊन बसल्या.

निनादनं हात पुढं केला आणि ओंडक्यावर ठेवला. खरखरीत साल, तिच्याखाली टणक लाकूड. नववीपासून तो हे समीकरण म्हणत आला होता. बारावीला लिहिलं, पदवीला लिहिलं. एम.एस्सी.च्या ज्या पेपरात त्याला सर्वाधिक गुण मिळाले, त्यातही लिहिलं होतं. पण त्या समीकरणातून झाडाचं खोड बाहेर पडतं, हे त्याला आज पहिल्यांदा दिसत होतं. ज्या हवेतून तो हात फिरवत होता, जिला रंग नाही, रूप नाही, जी हाताला लागत नाही, तीच बाभळीनं वर्षानुवर्षं पानापानानं गोळा केली होती आणि तिचं हे असं दणकट लाकूड करून ठेवलं होतं.

त्यानं ओंडका परत उचलला. मघाशी होता तेवढाच जड होता.



"हवा…" तो स्वतःशीच पुटपुटला. "एवढी हवा…"

दुसऱ्या बाकावरची जमना पाडवी नकळत उभी राहिली होती. ती म्हणाली, "बाई, पण हे… हे खरंच असं असेल?"

"खात्री नाही पटत?" बाई म्हणाल्या. "चांगलं आहे. तराजू आणा."

*

मागच्या अंगणात सगळे गोळा झाले.

ओंडक्याच्या ढलप्या काढल्या. प्रयोगशाळेतल्या तराजूवर बरोबर पाचशे ग्रॅम मोजल्या. रिकामं लोखंडी घमेलं आधी पुसून घेतलं, त्यात ढलप्या रचल्या आणि पेटवल्या.

बाभळीचं लाकूड पेटायला वेळ घेतं, पण एकदा पेटलं की हटत नाही. ज्वाळा उठल्या, मग बसल्या. निखारे लालबुंद झाले. निनाद पुठ्ठ्यानं वारा घालत घमेल्यापाशी उकिडवा बसला. कोळशाचा एकही खडा शिल्लक राहायला नको होता. दुपारचा डबा कुणी उघडला नाही. पुढचा तास बुडाला, त्याचीही कुणी आठवण काढली नाही. चौधरी सर बघायला आले. "काय चाललंय हे?" म्हणून त्यांनी विचारलं, कुणी उत्तर दिलं नाही, तेव्हा तेही तिथंच उभे राहिले.

शेवटी घमेल्याच्या तळाशी करडी राख उरली. मऊ, जवळजवळ पांढरी.

ती थंड होऊ दिली. मोरपिसानं कागदावर झाडून घेतली. कागदासकट तराजूवर ठेवली, कागदाचं वजन वजा केलं.

"किती?" बाईंनी विचारलं.

निनादनं आकडा दोनदा वाचला.

"सहा ग्रॅम."

"हात पुढं कर."

त्यानं ओंजळ केली. बाईंनी ती राख त्याच्या ओंजळीत ओतली. ओंजळीचा खळगासुद्धा तिनं भरला नाही.

"मातीनं दिलं ते एवढं," बाई म्हणाल्या.

"आणि बाकीचं?" चौधरी सरांनी विचारलं.

सगळ्यांनी वर पाहिलं. धूर केव्हाच विरला होता. आकाश स्वच्छ होतं, नुसतं निळं… त्यात काहीही दिसत नव्हतं.

त्या अंगणात एकोणचाळीस शिकलेली माणसं माना वर करून उभी होती, आणि कुणालाही मान खाली घ्यावीशी वाटत नव्हती.

*

वर्ग सुटला. सगळे गेले. निनाद फळा बंद करायला मागं राहिला. बाई शेवटच्या बाकावर आपली पिशवी आवरत होत्या.

फळ्यावर मघाचे खांब तसेच होते. सत्तावीस, सहा, दोन, एक, एक.

निनादची नजर त्या एका खांबावर खिळली. हवा, एक. कोण असेल? संगणकावर एक कळ दाबली की नाव समोर येणार होतं. ज्याला आपण हसलो, त्या माणसाची निदान माफी मागता येईल, असं त्याला वाटलं. आणि खरं सांगायचं तर आपल्या आधी हे कुणाला सुचलं, तेही त्याला बघायचं होतं.

"बाई, ते हवेचं उत्तर कुणाचं होतं, बघू का?"

"तुझं यंत्र आहे. तू ठरव."

त्याचं बोट कळेपर्यंत गेलं.

आणि थांबलं.

झाकण निघालं की ते एकच नाव दिसणार नव्हतं. सत्तावीसही दिसणार होती. त्या यादीत वनस्पतीशास्त्राच्या सुवर्णपदकवाल्याचं नावही असणार होतं.



मग त्यानं बोट मागं घेतलं. संगणक बंद केला. पाठ टाचणाची वही टेबलावर पडली होती, ती उचलून काखेत मारली.

"बाई, सही नको."

"का रे?"

"पाठ झालाच नाही. छत्तीस जणांना मी शब्द दिला आणि छत्तीस जणांनी मला तो परत दिला. बाकी काही झालं नाही."

"मग प्रशिक्षणाचं काय? चौधरी सर दुसऱ्या कुणाला तरी पाठवतील."

"पाठवू देत."

 तीन आठवडे त्यानं त्या पाठासाठी घातले होते. नातेवाइकांना फोन करून झाले होते. प्रशिक्षणाला घालायचा कोट आतेभावाकडून आणून झाला होता.

बाईंनी हात पुढं केला. "वही दे."

त्यानं वही दिली.

बाईंनी चष्मा लावला, पेन काढलं आणि पानाच्या तळाशी ठसठशीत सही केली.

"आता जा," त्या म्हणाल्या.

*

जिल्ह्याच्या गावी, शिक्षक भवनाच्या सभागृहात दोनशे आठ शिक्षक बसले होते. बहुतेक जण अशा प्रशिक्षणांना सरावलेले. हजेरीपत्रकावर सही करायची, चहा घ्यायचा, जेवायचं आणि घरी जायचं. काही जण वर्तमानपत्रं घेऊनच आले होते.

वळवीबाई सगळ्यात मागच्या रांगेत बसल्या होत्या.

निनाद मंचावर आला. मागं भलामोठा पडदा होता. त्यानं पान उघडून दाखवलं नाही, उन्हाचे बाण सोडले नाहीत. बाभळीचा दुसरा एक वाळलेला ओंडका त्यानं बरोबर आणला होता. तो त्यानं पहिल्या रांगेतल्या शिक्षकाच्या हातात दिला.

"जरा धरून बघा. आणि मागं द्या."

ओंडका हातोहात मागं जाऊ लागला. वर्तमानपत्रं खाली ठेवावीच लागली.

पडद्यावर तोच प्रश्न आला, त्याच पाच पर्यायांसह. "मोबाइलवरून उत्तर द्या. तुमचं नाव मला दिसणार नाही. कुणालाच दिसणार नाही."

खांब उठले. मातीचा खांब वाढतच गेला आणि एकशे एकसष्टावर येऊन थांबला.

सभागृहात कुजबुज सुरू झाली. काहींना शंका आली होती. काहींनी शेजाऱ्याचा चेहरा चोरून पाहिला.

निनादनं माईक हातात घेतला. या क्षणाची त्यानं रंगीत तालीम केली होती.

"यात कुणी काय दाबलं, मला ठाऊक नाही. पण मातीवाल्यांमधलं एक नाव मी सांगू शकतो."

सगळे बघू लागले.

"गेल्या महिन्यात हाच प्रश्न मला विचारला होता. मी वनस्पतीशास्त्राचा एम.एस्सी. आहे, विद्यापीठात पहिला आलो. मी माती दाबली. आणि ज्यानं बरोबर उत्तर दिलं, त्याला मी हसलो."



कुणीतरी खाकरलं. कुठंतरी पंखा कुरकुरत होता. निनादला वाटलं, संपलं. आता हे सगळे आपल्याला हसणार.

तिसऱ्या रांगेतून एक म्हातारे गृहस्थ उठले. गिरासे गुरुजी. निवृत्तीला दोन वर्षं उरलेले, कडक म्हणून जिल्ह्यात नाव. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"मी एकतीस वर्षं प्रकाशसंश्लेषण शिकवतोय," ते म्हणाले. "आता… आत्ता मीही माती दाबली."

ते खाली बसले नाहीत.

त्यांच्या मागं एक बाई उठल्या. काही बोलल्या नाहीत, नुसत्या उभ्या राहिल्या. मग डावीकडून एक तरुण शिक्षक. मग दोघं. मग अख्खी रांग.

कुणी उठा म्हटलं नव्हतं. तरी खुर्च्या वाजत होत्या, माणसं उठत होती. कुणी ओशाळं हसत होतं, कुणी खाली बघत होतं. बघता बघता तीन चतुर्थांश सभागृह उभं राहिलं. तळहातावर पट्ट्या मारणारी, चुकलेल्या पोरांना बाकावर उभं करणारी ती माणसं आज आपणहून उभी होती.

 असं काही आपल्या डोळ्यांनी बघायला मिळेल, हे निनादच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

उत्तर सांगायची वेळ झाली होती. उत्तराची चित्रफीत तयार होती, नुसतं बोट लावायचं होतं.

त्यानं पडद्याकडे पाठ फिरवली.

"बसा," तो हळूच म्हणाला. "आणि मला सांगा, आपल्याला माती का वाटली?"

 मग एक जण बोलला, मुळांबद्दल. दुसरा खताबद्दल. तिसऱ्यानं त्याला अडवलं. पाहता पाहता दोनशे आठ माणसं वर्गातल्या पोरांसारखी एकमेकांशी भांडू लागली.

"पण थांबा," एक शिक्षिका म्हणाल्या. "माझ्याकडे कुंडीत लिंबू आहे. चार वर्षांत माझ्या डोक्याएवढं झालं. माती तर तेवढीच आहे कुंडीत… फारशी कमी झाली नाही."



गिरासे गुरुजी सावकाश म्हणाले, "आमच्या शाळेपुढं वड आहे. पाच जणांच्या कवेत मावत नाही. तो जर माती खाऊन वाढला असता, तर… तर त्याच्याखाली आज विहिरीएवढा खड्डा असता."

त्यांनी आजूबाजूला पाहिलं, जणू कुणी तरी आपल्याला खोटं पाडावं अशी त्यांची इच्छा होती.

"खड्डा नाहीये," ते म्हणाले. "मी रोज तिथून जातो."

मागच्या रांगेपर्यंत पोचलेला ओंडका कुणाच्या तरी मांडीवर होता. त्या माणसानं तो दोन्ही हातांनी उचलला आणि डोळ्यांसमोर धरला. शेजारच्यांनी हात लावून पाहिला.  जेवणाची घंटा झाली, ती झालेली कुणाला कळलीही नाही.

*

प्रशिक्षण उरकलं. माणसं पांगली. जाताना कितीतरी जण बाहेरच्या निंबाखाली थबकले, बुंध्यावर हात ठेवून वर बघून पुढं गेले.

निनाद बाईंना एस.टी. स्टँडवर सोडायला निघाला. बाईंची गाडी लागायला वेळ होता. दोघं सिमेंटच्या बाकावर बसली.

 निनादच्या मनात एक गोष्ट महिनाभर सलत होती. ती त्यानं कुणाला विचारली नव्हती. आज त्याला राहवेना.

"बाई…"

"बोल."

"समीकरण मला येत होतं. नववीपासून येत होतं. हजार वेळा लिहिलं असेल मी ते."

"हं."

"मग त्या दिवशी बटण दाबताना ते कुठं होतं? इतकी वर्षं जवळ होतं म्हणायचं, तर वेळेला सापडलं का नाही?… मी ते ठेवलं तरी कुठं होतं?"

 समोर एक गाडी आली, माणसं उतरली, माणसं चढली, गाडी गेली. धुरळा खाली बसला.

मग त्या निनादकडे वळल्या. डोळ्यांत अपार माया होती.

"श्वास कुठं ठेवतोस रे? तो ठेवायचा नसतो, दर वेळी नव्यानं घ्यायचा असतो."